शालनचे सर

शेजारची शालन ओट्यावर मोबाईल टेकवून ऑनलाइन शेतीवर्गाला बसते. काल मावा पडलेलं वांग्याचं पान पडद्यासमोर धरून तिनं विचारलं, "सर, यावर काय फवारू?" शहरातल्या सरांनी निंबोळी अर्क सांगितला. तिनं तो वहीत लिहून घेतला.

हेच मी तिला गेल्या वर्षी कुंपणावरून सांगितलं होतं. तेव्हा ती नुसतं "हं" म्हणाली होती. वीस वर्षं परसबाग केली, पण माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही. सल्ला तोच असतो, मान मात्र लांबच्या माणसाला मिळतो. 

आज मीच तिच्या ओट्यावर जाऊन बसले. सरांनी विचारलं, "ताई, तुम्हाला काही शंका?"

मला एकही शंका नव्हती. तरी मी दोन विचारल्या.