चिंध्या बांधलेली कणसं

माझ्या दुकानात ज्वारी घेताना गावातली म्हातारी मावशी आधी एक दाणा दाताखाली धरायची आणि विचारायची, "पेरलं तं उगवन काय?"

"मावशी, खायाले नेऊन राह्यली ना?"

"आज खाईन. उद्या?"

सारं वांकिडी गाव तिला हसायचं, पण पेरणीआधी अर्धं गाव तिच्याच कणगीतलं बी न्यायचं.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत राजुऱ्याच्या बाजारातून बातमी आली. परदेशात म्हणे असं बी तयार केलंय, की त्याचं पीक एकदाच येतं; त्यातला दाणा पुन्हा पेरला तर उगवत नाही. त्याच हंगामात तिच्या ज्वारीला लागून कुण्या कंपनीने कपाशी लावली. कसलं बी आहे ते कोणी सांगेना.

ज्वारी फुलोऱ्यात असताना मी तिकडून जात होतो. बियाण्यासाठी राखलेल्या कणसांना ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधत होती.

"पाखरं लई झाली काय, मावशी?"

"पाखरू दाणे खाते. तिकडचा वारा दाणाच वांझ करन."

कपाशीचा पराग ज्वारीला लागत नसतो, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुयं चुकलं तं मंग गाव काय पेरन? काय खाईन?"

तिने एक चिंधी माझ्या हातात दिली. मी कणीस झाकून गाठ मारली. ती सैल वाटली, म्हणून पुन्हा आवळली. वारा कपाशीकडूनच येत होता.