डावखुऱ्यांचा कॅट

पत्त्यांचा कॅट घेताना लोक पेटीवरचं चित्र पाहतात आणि घेऊन जातात. मला याचा राग येतो. नुसता पदर पाहून लुगडं घेणाऱ्या बायकांचाही मला असाच राग येतो. पान हातात धरून वाकवावं, सोडावं. सरळ झालं तर घ्यावं. दोन पानं एकमेकांवरून सरकवावीत. अडली तर तिथेच परत करावीत. मी आयुष्यात एकच कॅट बनवला आणि त्यात इतक्या चुका केल्या की एवढं ज्ञान अंगाला चिकटलंच.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात गोळीबार चौकामागच्या एका गल्लीत आमचं घर, विणकराचं. बाबा करवतकाठी लुगडी विणायचे, म्हणजे काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली. सकाळी गल्लीभर ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे दोरे, पसरून त्याला खळ लावायची. खळ म्हणजे पिठाची शिजवलेली कांजी. ती कुंच्यानं दोऱ्यावर ओढली की दोरा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. कामठीच्या पॉवरलूमचं धोतर दुकानात ताठ उभं राही आणि एका धुण्यात मान टाकी. बाबा ते बोटांत चुरगाळून म्हणायचे, "यात कपडा कमी अन् खळच जास्त हाये." कापडाच्या बाबतीत ते कुणाचीच भीड ठेवत नसत. माझा तिखटपणा कुठून आला हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

दुपारचं जेवण झालं की समोरच्या ओट्यावर चौघांचा अड्डा जमे. बाबा, त्यांचे भिडू म्हणजे समोरच्याच घरातले विणकर काका, एक शिंपीकाका, आणि शिंपीकाकांचे भिडू डावखुरे काका. खेळ एकच, मेंढीकोट. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे त्या जास्त येतील तिचा डाव, आणि चारही आल्या तर समोरच्यांवर कोट. एका चुकीच्या पानावरून हे चौघे एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत. सगळ्यात जास्त आवाज बाबांचा.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पिकला की काढू, वर्ष तरी जाईल. तेव्हा अशीच रीत होती. माग माझ्या भावाकडे गेला आणि बाबा चरख्यावर कांड्या भरू लागले, म्हणजे मागावरच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळू लागले. ते त्यांनी फारशी कुरकुर न करता केलं. कांडी भरायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात.

पण पत्त्यांना डोळे लागतात. एका दुपारी बदामाची उतारी होती आणि भिडूकाकांची बदामाची दश्शी ओट्यावर पडली होती. ती वाचवायला बाबांनी मोठ्या थाटात राजा आपटला. तो चौकटीचा निघाला. मेंढी गेली आणि पाठोपाठ कोट बसला. मी दारात तांदूळ निवडत होते. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून मी वर पाहिलं, तर तिघेही चूप. शेवटी शिंपीकाका हळूच म्हणाले, "होते गा कधी कधी."

बाबांना ते लागलं, आणि मलाही. चौघांतल्या कुणाला तिथे कधी माफी मिळाल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा ओट्यावर गेले नाहीत. भिडूकाकांनी गल्लीतूनच विचारलं, "काहून गा, येत नाहीस?"

"मन उतरलं आता पत्त्यावरून," बाबा आतूनच म्हणाले, आणि चरख्यापाशी बसले.

तिघांत मेंढीकोट होत नाही. कुणा चौथ्याला बसवायचं त्यांच्या मनात आलं असतं तर गल्लीत माणसांची काही कमी नव्हती, पण त्यांनी बसवलं नाही. ते ओट्यावर मध्ये बंद कॅट ठेवून नुसते बसून राहत. इकडे बाबा चरखा फिरवत आणि ओट्याकडे पाठ करून बसत. आठ दिवस मी हे पाहिलं. वर्षभर असंच चाललं तर बाबा ओट्यावरून कायमचे उठतील, याची मला धास्ती वाटू लागली. एकदा जागेवरून उठलेला म्हातारा माणूस परत बसत नाही.

मी तेव्हा इतवारीतल्या एका छापखान्यात विड्यांच्या बंडलांवरची लेबलं काढायची. वाघ, मोर, फोन कानाला लावलेली बाई, असली चित्रं. जत्रेच्या आणि सर्कशीच्या हँडबिलांसाठी तिथे लाकडाचे मोठे टाइप होते. त्यातला सात मी बाबांसमोर कागदावर उमटवून धरला. "हा काय सात?" ते म्हणाले, आणि मला कळलं, एवढा आकडा त्यांना दिसतो.

पण "बाबा, तुमच्यासाठी मोठ्या आकड्यांचे पत्ते बनवते" म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ते चुलीत घातले असते, आणि मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. तेव्हा मला डावखुरे काका आठवले. ते पानं उजव्या हातात धरत आणि आपल्यापेक्षा उलटी पसरत. बाजारच्या पत्त्यांवर आकडे समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांत असतात, त्यामुळे त्यांना कोपरे कोरे दिसत. जन्मभर ते प्रत्येक पान वर ओढून पाहत आणि तीन जणांच्या शिव्या खात. चारही कोपऱ्यांत मोठे आकडे असलेला कॅट डावखुऱ्यांसाठी म्हणून कुणीही मान्य केला असता.

मालकांची परवानगी काढून मी कामाला लागले. लाकडी टाइपनं मराठी आकडे छापले. राजाला 'रा', राणीला 'णी'. गुलामाला नुसता 'गु' लिहिणं काही मला शोभेना, म्हणून 'ला' लिहिलं. बदाम आणि इस्पिक भरीव ठेवले, चौकट आणि किलवर नुसत्या जाड रेघेचे, पोट रिकामं. म्हणजे आता चौकटीचा राजा बदामाच्या वेषात येणार नव्हता. कुणी विचारलंच तर शाई वाचवली म्हणून सांगायचं ठरवलं. राणीला लुगडं नेसवलं, गुलामाच्या हातात तलवारीऐवजी धोटा दिला. पाठीवर बाबांचा करवतकाठ लिनोलियमवर कोरून छापला, वरून-खालून सारखाच, कारण पाठीला खालवर असेल तर उलटं पान ओळखू येतं. कटिंग मशीनवर सगळा कॅट एकदमच कापला. एखादं पान केसभर मोठं राहिलं तर पिसताना ते बोटाला सापडतं.

दिसायला कॅट झकास झाला. हातात घेतला आणि माझा चेहरा पडला. पानं ओल्या पापडासारखी होती, ना लवचिकपणा ना सुळसुळीतपणा. दोन पानं एकमेकांना धरून बसत. छापखान्याचं व्हार्निश लावून पाहिलं तर चिकट झाली.

आईला दाखवलं. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "खळ लाव ना वं. आपल्या घरी दुसरं काय हाये?"

म्हणून आम्ही दोघींनी बाबा बाहेर गेलेले पाहून तांदळाच्या पिठाची खळ शिजवली. ताण्याच्या खळीत जवसाचं तेल घालतात, पण कागदावर डाग पडतील म्हणून मी घातलं नाही. आई म्हणाली घाल, मी म्हटलं चित्रकार कोण आहे, तू की मी? पातळ हात फिरवला, उन्हात वाळवलं, कवडीनं घोटलं. उन्हाळ्याचे दिवस, तासाभरात पानं खडखडीत झाली. वाकवलं की परत येत. पिसताना फर्र आवाज येई. मी तो आवाज पुन्हा पुन्हा काढत बसले. इतकी खूश मी स्वतःवर फार वेळा झालेली नाही.

कॅट मी डावखुऱ्या काकांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी पानं पसरली, कोपरे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"एवढा मोठा आकडा काहून वं?"

"डावखुऱ्यांना लागतो," मी म्हटलं.

त्यांनी आमच्या दाराकडे नजर टाकली. "लागते ना," ते म्हणाले. "लागतेच." आणि मग गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे ये ना गा! पोरीनं माह्यासाठी कॅट बनवला. आता तू नाही आलास तर का एकटाच खेळू?"

बाबा थोडा वेळ चरखा फिरवत राहिले. मग धोतर झटकून उठले. "डावखुऱ्याचं काम हाये तर जावं लागन," असं आईला सांगून, उपकार केल्यासारखे गेले.

ओट्यावर त्यांनी कॅट हातात घेतला, पिसला, मध्येच थांबून नाकापाशी नेला आणि परत पिसू लागले. तिसऱ्या डावात त्यांनी हुकूम मारायच्या जागी भलतंच पान टाकलं. डोळ्यांचा दोष नव्हता, चूक होती शुद्ध. भिडूकाका ताडकन म्हणाले, "तुले अक्कल हाये का बे? का तेही गहाण टाकलं?" शिंपीकाकांनी त्यात भर घातली. बाबांनी दोघांनाही व्याजासकट परत केलं. आई आत भाकरी थापता थापता हसत होती. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

उन्हाळाभर फर्र फर्र चाललं. मग पावसाळी हवा आली. विणकराच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की पावसाळ्यात खळ दमट होते, म्हणून तेव्हा ताणा पसरत नाहीत. मला मात्र हे पत्त्यांच्या बाबतीत सुचलं नाही. एका दुपारी डावखुऱ्या काकांनी पेटी उघडली तर बावन्न पानांची एक वीट निघाली. त्यांनी ती माझ्यापुढे अशी धरली जणू कुणी वारलं होतं. मला रडू आलं. पानांसाठी नाही. बाबा परत चरख्यापाशी जाऊन बसतील म्हणून.

बाबांनी वीट मागून घेतली. हातात वजन करून पाहिलं. ओला फडका तिच्याभोवती गुंडाळला आणि बराच वेळ तशीच मांडीवर ठेवली. मग नखानं एकेक पान सोडवू लागले. चिकटलेल्या ताण्यातून दोरा न तुटता वेगळा करायचं काम या बोटांनी चाळीस वर्षं केलं होतं. पानं तर दोऱ्यापेक्षा जाड. डोळे मिटूनच ते काम करत होते. तीनच पानं फाटली.

"खळीत तेल नाही घातलं," ते म्हणाले.

"डाग पडले असते."

"तुह्या मायनं सांगतलं असन."

आईनं आतून भांडं जरा जोरात ठेवलं.

"तुम्हाला कसं कळलं, खळ आपली आहे ते?"

"पैल्याच दिवशी कळलं. आपल्या खळीचा वास मले नाही येनार? डोये गेले, नाक कुठं गेलं?" त्यांनी एक पान उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला. "अन् डावखुऱ्याच्या कॅटवर माह्या लुगड्याचा काठ काहून असन?"

मी म्हटलं, "मग बोलला नाहीत ते?"

"बोलून का करू? कॅट चांगला होता."

त्या उत्तरानं मला जेवढा आनंद झाला तेवढा छापखान्यातल्या कुठल्याच मोरानं किंवा वाघानं दिला नाही. चार दिवस बाबांनी पानं चुलीजवळ वाळवली, चिंधीनं जवसाचं तेल अगदी कणभर चोळलं, आणि कवडीनं घोटत बसले. मी फाटलेली तीन पानं नवी बनवून दिली आणि यावेळी तेलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पानं जरा पिवळट झाली, पण हातात अशी खेळू लागली की शिंपीकाका म्हणाले, हे तर रेशमासारखं सुटून राहिलं. त्यानंतरचा सगळा पावसाळा कॅट टिकला. दरवर्षी मृगाच्या आधी बाबा त्याला तेल चोळत.

पुढच्या वर्षी मोतीबिंदू पिकला आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात काढला. बाबांना जाड भिंगांचा चष्मा लागला. त्यातून त्यांचे डोळे एवढे मोठे दिसत की आम्हाला आधी हसू आलं, आणि मग सवय झाली. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी कॅट पाहायला मागितला. एकेक पान चष्म्यापुढे धरलं. राणीपाशी थांबून म्हणाले, "निऱ्या चुकल्या," आणि पाठीवरचे करवतीचे दात मोजून, "एक कमी हाये."

बाबा परत ओट्यावर आले त्या दुपारी भिडूकाका नवाकोरा कॅट घेऊन आले. बाजारचा, गुळगुळीत, कागदाची पट्टीही न फोडलेला. "आता तुले दिसते गा," ते म्हणाले. "आता आपण बरोबरीच्या पत्त्यानं खेळू." त्यांनी ते प्रेमानंच आणलं होतं. मी दारातच होते. माझा कॅट ओट्याच्या कोपऱ्यात पडला होता, कडा मळलेल्या, नव्या तीन पानांचा रंग वेगळा, आणि ती कोणती हे चौघांनाही पाठ.

बाबांनी नवा कॅट उचलला, नाकापाशी नेला आणि जिथल्या तिथे ठेवला. मग चष्म्यातून सरळ डावखुऱ्या काकांकडे पाहिलं.

"अन् याचं कसं? याले त्यात दिसनार नाही ना."

डावखुरे काका बाजारच्याच पत्त्यांवर साठीला पोचले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही ना गा," ते म्हणाले. "मले काहीच दिसत नाही."

बाबांनी माझा कॅट ओढून घेतला आणि पिसायला लागले.