भंडाऱ्याच्या पिशवीतल्या गोळ्या

देवावर माझी श्रद्धा होती, भरवसा नव्हता. श्रद्धा म्हणजे दर रविवारी अणदूरच्या खंडोबाला न चुकता जायचं, आणि भरवसा नाही म्हणजे तिथं ठेवून आलेली काळजी वेशीपर्यंत पुन्हा उचलून आणायची. आमचे मालक उमरग्याच्या रस्त्यानं ट्रक चालवायचे. एड्सची साथ नवी होती तेव्हा ते गेले आणि जाताना तो आजार माझ्या अंगात ठेवून गेले. दुसरं काही ठेवण्यासारखं त्यांच्याकडं नव्हतंच म्हणा. मुलगा त्याआधीचा, त्याची तपासणी झाली, तो सुखरूप निघाला. पुढं डॉक्टरांनी मला गोळ्या सुरू केल्या, आणि हिचं आता काही खरं नाही असं ज्या बाईबद्दल सगळे म्हणत होते, ती आज मुलाच्या लग्नात कोणती साडी नेसायची यावरून जावेशी भांडते.

मुलगी तामलवाडीची. माझ्या मुलानं तिला माझं सगळं सांगितलं होतं. तिच्या आईवडिलांना मात्र मीच सांगणार होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. सांगितलं तर सोयरीक मोडणार. न सांगता अक्षता टाकल्या तर ती फसवणूक. असं दोन्हीकडून अडकून मी साखरपुड्याची तारीख धरायला मुलाबरोबर त्यांच्या घरी गेले. मुक्कामाला राहायचं होतं, म्हणून गोळ्या बरोबर होत्या. डबीत त्या चालताना खुळखुळतात, सगळ्या एसटीला ऐकू जातं. म्हणून मी एक पुडी करून ती खंडोबाच्या भंडाऱ्याच्या पिशवीत, हळदीत पार खाली पुरली होती. केवढी अक्कल चालवली, असं वाटत होतं! अणदूरच्या माणसाकडं लोक सगळ्यात आधी भंडाराच मागतात, एवढं मात्र सुचलं नाही.

जेवणं झाली, पुरुष अंगणात बसले. आम्ही बायका टीव्हीपुढं. तिथं नेमका त्याच आजाराचा सिनेमा लागला होता, सुरुवातीच्या वर्षांतला. घरचे लोक हिरोची खाट गोठ्यात टाकतात, त्याचं ताट वेगळं करतात. हिरो खोकत होता, पण दाढी अशी छान कोरलेली की मला हसू यायला लागलं. आमच्या मालकांना त्या वेळी कंगवा धरवत नव्हता.

"काय रोग बाई," मुलीची आई पदरानं डोळे टिपत म्हणाली. "आता नसंल ना हो असलं काई कुठं?"

तो रोग तिच्याच शेजारी मांडी घालून, आणखी एक भजं घ्यावं की नको या विचारात बसला होता. मी भजं घेतलं. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

तेवढ्यात तिची सासू, म्हणजे मुलीची आजी, सरकत माझ्याजवळ आली. "तुमी खंडोबाच्या गावच्या, आन भंडारा न लावताच बसलात व्हय?" म्हणत तिनं माझ्या मांडीवरची पिशवी ओढली आणि पार तळापर्यंत हात घातला. वर आली ती पिवळी झालेली पुडी.

"ह्या कशाच्या गं बाई?"

"बीपीच्या असतील," मुलीची आई म्हणाली.

बघा, खोटं बोलायचे कष्टसुद्धा तिनं वाचवले होते. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "न्हाय. त्याच्या," आणि माझं बोट टीव्हीकडं गेलं. मी स्वभावानं भित्री बाई आहे. झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढते. ते शब्द कुणी वदवले, मला आजही सांगता येत नाही.

"म्हंजे तुमाला? कवापासनं?"

"बाहेर बसलाय तो माझा पोरगा शाळेत जायच्या आधीपासनं."

"मग तुमी अजून..."

"मेले कशी न्हाय? तयारी झाली होती की. माहेरच्यांनी रडून पण घेतलं होतं."

कुणी हसलं नाही. मीही नाही. मुलीच्या आईनं टीव्ही बंद केला आणि थोडी दूर सरकली. सोयरीक मोडली, असं मी मनात म्हटलं आणि उठायला लागले.

आजीनं माझा हात धरून खाली बसवलं. त्याच पिशवीतला चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि आपलं कपाळ पुढं केलं. "आता मला लावा."

"आत्याबाई!" सून ओरडली.

"काय आत्याबाई? देवाच्या पिशवीत हात घातलाय म्या. निम्म्यातनं काढू व्हय?"

मी भंडाऱ्यात बोट बुडवून त्या सुरकुतलेल्या कपाळाला टेकवलं. माझ्या आजाराचं कळल्यावरही माझा हात मागून घेणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग सून म्हणाली, "आमाला ह्यातलं काई समजत न्हाय. मी ह्यांना घेऊन तुमच्या डॉक्टरकडं येते. सगळं इचारते. तारखेचं मग बघू."

ती खरंच आली, नवऱ्याला घेऊन, उमरग्याला. असे एकेक प्रश्न विचारले की डॉक्टरांनी मध्येच पाणी मागवलं. एका ताटात जेवलं तर? एका मोरीत अंघोळ केली तर? शेवटी अगदी हळू आवाजात, "नातवंडाचा पापा घेतला ह्या बाईंनी, तर?"

"खुशाल घेऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या वेळेवर घेतात, तब्येत तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. "मग बसलाव कशाला हो? उठा की. तारीख धरा."

इतकी वर्षं मी खंडोबाला एकच सांगत आले होते, देवा, झाकून ठेव. त्यानं माझं ऐकलं नाही, याचे उपकार कसे फेडू? आपण देवापुढं मागणं म्हणून जे मांडतो, तो बहुतेक वेळा हुकूमच असतो. त्यानं तो मोडला, तेव्हा कुठं मला 'तुझी इच्छा' म्हणता आलं.

साखरपुड्याच्या संध्याकाळी मांडवात गर्दी होती. गोळीची वेळ झाली, आणि पाणी कुणाला मागू म्हणून मी इकडंतिकडं बघत होते. विहीणबाई जवळून घाईत जाता जाता कानाशी पुटपुटल्या, "आतल्या खोलीत तांब्या भरून ठेवलाय. दार लोटून घ्या." मी आत गेले, गोळी घेतली, पाणी प्याले. देवाला हात जोडावेत तर हातात तांब्या. तसाच तो कपाळाला लावला.