डाव्या हातावरचं दही

माझ्या साडूइतक्या वेळा नोकरी सुटलेला आणि तरीही इतक्या प्रसन्न चेहऱ्याने जेवायला बसणारा दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नसेल. तो बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो. पोटापाण्याचा धंदाच तो. वीस वर्षांत पाच देश आणि अकरा संघ झाले, त्यातल्या एका संघात तो नऊ दिवस होता. तैवानमध्ये त्याने अख्खा मोसम दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचा शर्ट घालून काढला, कारण नवा शर्ट शिवून येईपर्यंत हा टिकेल असं तिथे कोणालाच वाटलं नव्हतं. जन्माने पक्का ऑस्ट्रेलियन, सव्वासहा फूट उंच, डावखुरा. माझी मेहुणी पुण्याहून मेलबर्नला शिकायला आली, इथेच राहिली आणि याच्याशी लग्न करून मोकळी झाली. तेव्हापासून मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात त्यांचं घर आमच्यापासून चार गल्ल्यांवर आहे.

त्याचा डावा हात हे त्या घरातलं एक स्वतंत्र माणूसच आहे. त्या हाताने तो पिशवी उचलत नाही, बरणीचं झाकण उघडत नाही, कुणाला टाळी देत नाही. झोपताना त्या हाताला वेगळी उशी लागते. "आमच्या बेडवर तिघं झोपतात," मेहुणी सांगते, "मी, हा आणि याचा हात." दुसरी खोड म्हणजे कुठलीही वस्तू मोठी घ्यायची नाही. टूथपेस्ट प्रवासातली, शाम्पू हॉटेलातला, मीठसुद्धा चिमूटभर पुड्यांतलं. कधी फोन येईल आणि बॅग भरावी लागेल याचा काही नेम नसतो ना! लग्न झाल्यावर मेहुणीने दहा किलो कणकेची पिशवी आणली, तेव्हा हा घाबरून मला बाजूला घेऊन गेला. "टेन किलोज?" तो कुजबुजला, "मेट, दॅट्स अ मल्टी-इयर काँट्रॅक्ट." ती पिशवी संपेपर्यंत तो तिच्याकडे जरा आदरानेच बघत असे.

उन्हाळ्यात चारच्या सुमाराला खाडीवरून वारा सुटला की तो मागच्या अंगणात जाळी टांगतो आणि तिच्यात चेंडू टाकत राहतो. मी लॅपटॉप मिटून चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसतो. खेळलेल्या गावांची नावं त्याला आठवत नाहीत. आठवतो तो वारा. "इटलीत एक ग्राउंड होतं, मेट," चेंडू हातात फिरवत तो बायकोकडून शिकलेल्या अर्ध्या मराठीत सांगतो, "मागे सगळी पीच फळाची झाडं. आफ्टर रेन, यू कुड स्मेल देम फ्रॉम द माउंड." माउंड म्हणजे चेंडू टाकणारा उभा राहतो तो उंचवटा. मग अमेरिकेतलं एक गाव, जिथे संध्याकाळी मालगाडी जायची आणि ती पूर्ण जाईपर्यंत खेळ आपोआप थांबायचा. सामना जिंकला की हरला हे विचारलं तर तो खांदे उडवतो. त्याच्या चेंडूला वेग असा कधी नव्हताच. एकच करामत होती: असा एक हळू चेंडू, की तो येईल येईल म्हणत फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा व्हायचा. तो चेंडू जाळीत शिरताना बघत बसलं की मला माझी डेडलाइन आठवेनाशी होते.

हे सगळं सुख एकाच माणसाला समजत नव्हतं, ते म्हणजे आमचे सासरे. पाटबंधारे खात्यात त्यांनी एका टेबलावर चौतीस वर्षं काढली. दर खेपेला ते पुण्याहून आले की मला विचारत, "ते सगळं ठीक आहे हो, पण हा करतो काय?" दाखवायचं म्हटलं तर तेही जमेना. पहिल्या खेपेला ते पोहोचायच्या दोन दिवस आधी संघाने याला काढलं. दुसऱ्या खेपेला खांदा दुखावला. तिसऱ्या खेपेला हा संघात होता, पण राखीव गोलंदाजांच्या बाकावर, आणि शेवटपर्यंत त्याला कोणी बोलावलंच नाही. सासरे साडेतीन तास बसलेल्या जावयाकडे बघत बसले. उठताना म्हणाले, "बसायचाच पगार असेल तर नोकरी चांगली आहे." जावई हसला, पण त्या दिवशी जेवला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते चौथ्यांदा आले. याला एकोणचाळिसावं लागलं होतं आणि संघाने सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी नाही. शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. आदल्या दिवशी अंगणात तो चेंडू टाकायचा थांबला आणि म्हणाला, "जस्ट वन बॅटर, मेट. बाबांनी एकदा बघायला हवं. मग झालं." त्याचा पडलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

रविवारी सामना संपत आला तरी हा बाकावरच. आम्ही त्या बाकामागच्या कुंपणाला चिकटून बसलो होतो. आणि अचानक प्रशिक्षकाने हात केला. हा उठला, चार-सहा चेंडू टाकून त्याने हात मोकळा केला. इकडे सासूबाईंची लगबग सुरू झाली. जावई कामाला निघाला आणि हातावर दही-साखर नाही, हे त्यांच्याच्याने बघवेना. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि कुंपणावरून चमचा पुढे केला. याने मुकाट्याने डावा हात पुढे केला.

"उजवा! उजवा हात!" सासरे ओरडले.

"उजव्यात ग्लव्ह आहे, बाबा," तो म्हणाला, दही चाटलं, हात पँटला पुसला आणि पळत मैदानात गेला.

आता या खेळात असं असतं, की चेंडूला काही चिकट लावू नये म्हणून अंपायर टाकणाऱ्याचा हात तपासतो. चिकट सापडलं तर सरळ बाहेर. अंपायरने याचा हात दाबला, पुन्हा दाबला आणि नाकाशी नेला. हा काहीतरी समजावत होता, कुंपणाकडे बोट दाखवत होता. तिथे सासूबाई डबा धरून उभ्या होत्या.

"अहो, काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"साखर," मी म्हणालो. त्यांनी डबा पटकन पदराआड घेतला.

अंपायर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पाण्याची बाटली मागवली आणि याला भर मैदानात हात धुवायला लावले.

त्याने फक्त एका फलंदाजाला चेंडू टाकले. सहा चेंडू वेगाचे, म्हणजे त्याच्या मानाने. सातवा तो हळू. फलंदाजाने घाई केली, चेंडू उंच उडाला आणि त्या पांढुरक्या आभाळात कितीतरी वेळ तसाच राहिला. सासरे कधी उभे राहिले ते त्यांनाही कळलं नसावं. चेंडू खाली आला, झेलला गेला, आणि वीस वर्षं संपली.

गाडीत घर जवळ आल्यावर सासरे म्हणाले, "तो शेवटचा. इतका हळू कसा काय येतो हो?" पुढचे तीन आठवडे अंगणातली माझी खुर्ची त्यांनी बळकावली. "परत टाक," ते म्हणायचे आणि हा परत टाकायचा.

परतीच्या दिवशी विमानतळावर दह्याचा डबा सासूबाईंकडे नव्हता. तो साडूने आणला होता. जन्मभर हाच निघायचा, मागे राहायची त्याची ही पहिलीच वेळ. डोळे भरलेले, हातात चमचा. "बाबा, या परत," तो म्हणाला.

सासऱ्यांनी डावा हात पुढे केला.

"अहो, उजवा!" सासूबाई म्हणाल्या.

"उजव्यात पासपोर्ट आहेत," ते म्हणाले.

पासपोर्ट सासूबाईंच्या पर्समध्ये होते.