शेवटचे शब्द बोलायचे असतात

हेडली स्ट्रिकलंडने बहुतेक गाणी रचली ती मासे चिरता चिरता. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात मासळीचा एकच कारखाना. सोळाव्या वर्षी तो तिथे लागला आणि सुरीच्या ठेक्यावर ओळी जुळवू लागला. कागद कधी घेतला नाही, ओल्या हाताने लिहिणार काय? समुद्रातला कॉड मासा आटला, कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. पुढे वीस वर्षं फेरीबोटीचे दोर बांधले. गाणी साठ-सत्तर झाली, पण गावाची वेस एकानेही ओलांडली नाही. रेडिओकडून तीनदा नकार आला, तिन्ही वेळा त्याच मजकुराचा.

त्रेपन्नाव्या वर्षी एकदाचं सेंट जॉन्स शहरातल्या एका स्टुडिओने त्याला बोलावलं, कारखान्याच्या गाण्यासाठी. टाळं लावायच्या दिवशी मुकादम अँब्रोज म्हणाला होता, "दिवा मालव, हेडली." गाणं त्याच शब्दांवर संपायचं. गावाकडे गाण्याचे शेवटचे शब्द गात नाहीत, साध्या आवाजात बोलतात. बोलले की गाणं मिटलं.

स्टुडिओतली बाई म्हणाली, "शेवट गा हो. ऐकणाऱ्याला वाटेल, तुमचा दम संपला."

हेडली दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा गायला. तिने तो शेवट त्याच्याकडून चाळीस वेळा गाऊन घेतला.

तबकडी घेऊन तो रविवारी दुपारी मेल्विनामावशीकडे गेला. ही अँब्रोजची विधवा. जग काही म्हणो, तिच्या स्वयंपाकघरात गाणं पसंतीला उतरलं म्हणजे उतरलं, असा त्याचा हिशेब होता. चुलीभोवती दहा-बारा माणसं चहा घेत बसली होती. गाणं वाजलं. शेवटचा सूर लांबत लांबत विरला. कुणी हललं नाही.

"पुढे?" शेजारच्या गार्लंडने विचारलं.

"संपलं."

"संपलं कुठं, लेका? मी मघापासून कप धरून बसलोय."

"यंत्र अडकलं असेल," कुणीतरी म्हणालं.

"अडकलं नाही! संपलं!" हेडली ओरडला.

मावशी शांतपणे म्हणाली, "पोरा, दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटतंय. यंत्र राहू दे. तूच म्हण."

तो उभा राहिला. सगळं नीट गायला आणि शेवटाला आवाज आपसूक वर चढला. पुन्हा म्हटलं, पुन्हा चढला. चाळीस वेळा घोटलेलं गळ्यात बसलं होतं. तिसऱ्यांदा त्याने मुठीने टेबल ठोकलं, कप खणखणले, आणि सूर तसाच चढला.

"शहराने गळ्याला शिडी लावून दिली रे," गार्लंड म्हणाला. सगळे हसले.

मावशी हसली नाही. तिने चहात दूध ओतलं आणि नवऱ्याच्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "दिवा मालव, हेडली."

लगेच टाळ्या पडल्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती.

महिन्याभराने ते गाणं रेडिओवर लागलं. हेडली धक्क्यावर होता, बोट किनाऱ्याला टेकत होती. शेवटचा सूर विरेपर्यंत तो दोर हातात धरून थांबला आणि घसा साफ करून, न गाता म्हणाला, "दिवा मालव, हेडली."

या वेळी जमलं होतं. पण रेडिओवरची बाई केव्हाच उद्याचं हवामान सांगू लागली होती, आणि वरून कप्तान खेकसला, "अरे, दोर बांधतोस की नाही?"