साडभाऊ टेस्टिंग शिकतात

बावन्नाव्या वर्षी माणसानं काय काय करू नये याची यादी कोणी करायला बसलं, तर त्यानं उगीच डोकं खाजवत बसू नये. सरळ अकोल्याला जावं, जठारपेठेत माझ्या साडभाऊंचं घर विचारावं आणि तिथं दिवसभर नुसतं बसून राहावं. संध्याकाळपर्यंत यादी पुरी होईल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुण्याकडचे लोक नुसतं 'साडू' म्हणून मोकळे होतात. आम्ही वऱ्हाडातले त्याला भाऊ जोडतो आणि मग जन्मभर निस्तरत बसतो. या गृहस्थांनी सत्तावीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. अर्ध्या अकोल्यातल्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवली आहेत. मग हळूहळू मशिनींचे दिवस गेले, त्यांच्यामागून शिकायला येणारे पोट्टे गेले, आणि तरी हे दोन वर्षं रोज सकाळी दार उघडून मशिनींना तेल घालत बसायचे. शेवटी एका दिवाळीनंतर कुलूप लागलं ते लागलंच.

कुलूप लागल्यावर शहाणा माणूस काय करील? वर्तमानपत्र वाचील, नातेवाइकांच्या तब्येती विचारील, माझ्यासारखा दुपारी दोन तास झोपेल. मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून हेच करतो आणि त्यात मला कोणाचं मार्गदर्शन लागलेलं नाही. साडभाऊंनी मात्र मोबाइलवर जाहिरात पाहिली: घरबसल्या सहा महिन्यांत आयटीत करिअर, वयाची अट नाही. वयाची अट नाही हे वाचून माणसानं सावध व्हायचं असतं. हे हुरळले. दूरशिक्षणाच्या त्या कंपनीत नाव घालून, फी भरून, मगच मला फोन केला. मी विचारलं, "अहो, तुम्ही आयटीत जाऊन करणार काय?" तर म्हणाले, "भाऊसाहेब, याले सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हंतात. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढाच्या. अन् त्याचे पैसे भेटतात!"

आता खोटं कशाला बोलू, हे मला पटलं. कारण चुका काढण्यात या माणसाचा हात धरणारा आख्ख्या विदर्भात कोणी नाही, आणि आजवर हे काम त्यांनी फुकट केलं होतं. शर्टाच्या खिशाला कायम एक लाल पेन्सिल. लग्नाची पत्रिका घेऊन वधूपिता घरी आला की हे त्याला बसवतात, पाणी देतात, पत्रिका वाचतात, सात ठिकाणी लाल गोल करतात आणि "छापून झाल्या काय सगळ्या?" असं विचारून पत्रिका परत त्याच्याच हातात देतात. चिखलदऱ्याला आम्ही दोन्ही कुटुंबं गेलो होतो. समोर दरी, दरीत ढग, बायका हरखून गेलेल्या, आणि हे आमच्याकडे पाठ करून कॉफीच्या टपरीवरचा दरफलक वाचत उभे. "पाच चुका हायेत," म्हणाले. मी म्हटलं, दरी पाहा. तर दरीकडे वळून क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "कठडा तिकडून तिरपा हाय."

पण खरा तमाशा सुरू झाला तो शिक्षण सुरू झाल्यावर. कंपनीचं सगळं शिकवणं म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले व्हिडिओ. कोणी कधीही पाहावेत, लोळत पाहावेत, जेवताना पाहावेत. साडभाऊ सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचून, बरोबर दहाला लॅपटॉपसमोर बसत. शिकवणारा अठ्ठावीस वर्षांचा दाढीवाला पोरगा. तो पडद्यावर आला की हे अर्धे उठून उभे राहत. एकदा मी तिथं असताना मधेच दाराची बेल वाजली. मेव्हणी स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "व्हिडिओ थांबवा ना दोन मिनिटं." माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात चप्पल घालून शिरलोय. "सर बोलून राहिले ना! मास्तराले मधात कसं थांबवाचं?" आणि त्या दाढीवाल्यापुढे करंगळी दाखवून, परवानगी मिळाली असं स्वतःच ठरवून, दार उघडायला गेले. परत येईपर्यंत अर्धा धडा पुढे गेलेला. तो पुन्हा लावून पाहायचा नाही, कारण सरांनी एकदा सांगितलं ते सांगितलं. आता उरलेलं शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवायचं असतं. शेजारी मुलगा नव्हता. त्यामुळे त्यांच्या वहीत जागोजागी कोरी पानं होती आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'गैरहजर'. गुरुपौर्णिमेला तर कहरच. सरांचा पत्ता हवा म्हणून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. त्यांनी पत्ता दिला नाही, तेव्हा लॅपटॉपपुढे नारळ ठेवून नमस्कार केला.

बरं, शिकलेलं स्वतःच्या घरात ठेवावं की नाही? नाही! अमरावतीला माझ्याकडे आले की प्रयोग सुरू. राजापेठेतल्या माझ्या घराची बेल त्यांनी एका रविवारी चाळीस वेळा वाजवली. आधी एका बोटानं, मग दोन बोटांनी, मग कोपरानं, मग ओल्या हातानं. मी दारात उभा राहून ओरडतोय, "अहो, उघडलंय दार!" आणि हे शांतपणे, "थांबा ना भाऊसाहेब. वापरणारा कसा वागीन हे सांगता येत नाई." पुढच्या भेटीत एक कागद हातात दिला. दोष क्रमांक एक, बेल, ओल्या बोटाला झटका, तीव्रता जास्त. दोष क्रमांक दोन, यजमान, म्हणजे मी, दार उघडून चिडतो, तीव्रता मध्यम. दोष क्रमांक तीन, वांग्याची भाजी. तिसरा दोष माझ्या बायकोनं वाचला आणि त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं नाही. मी मात्र मनातल्या मनात खूश झालो, कारण भाजीबद्दल बोलायची माझी पस्तीस वर्षांत छाती झाली नव्हती.

मी त्यांची टिंगल करायचो, तोंडावर करायचो, आणि मेव्हणीनं ती एकदा थांबवली. म्हणाली, "भाऊजी, हे आता भाजी आणायला पण आपल्या पेठेतल्या बाजारात जात नाईत. लांब फिरून दुसऱ्या बाजारात जातात." का, म्हणून मी साडभाऊंनाच विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तिथं सारे 'सर' म्हंतात ना. 'काय सर, आजकाल काय शिकवून राहिले?' काय सांगू त्यायले? भाऊसाहेब, मले नोकरी भेटो न भेटो. पण याले अजून काईतरी येते, असं एकडाव कोणीतरी लिहून द्याले पाह्यजे." मी म्हटलं, लिहून काय, मी देतो लिहून. ते हसले नाहीत. मलाही आपण बोललो ते आवडलं नाही.

तर ते लिहून मिळवायला, म्हणजे प्रमाणपत्रासाठी, एक परीक्षा होती. घरी बसून, कॅमेऱ्यासमोर, खोलीत एकटं. तीन संधी, तिसरी गेली की संपलं. पहिली संधी अकोल्याच्या घरी दिली. पंचवीस मिनिटांत पडद्यावर सूचना आली: तुमची नजर वारंवार दुसरीकडे जात आहे, परीक्षा रद्द. दुसऱ्या वेळी तेच, फक्त वीस मिनिटांत. मदतकेंद्रातल्या मुलीनं फोनवर गोड आवाजात हिंदीत विचारलं, "सर, आप किसी से पूछकर लिख रहे थे क्या?" त्या दिवशी साडभाऊ जेवले नाहीत. ज्यानं सत्तावीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोट्ट्यांना कानाला धरून बाहेर काढलं, त्याला कॉपीबहाद्दर ठरवलं होतं. मी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच त्या कंपनीवर भडकलो. साडभाऊ मूर्ख आहेत, हे मी म्हणेन. त्यांच्या लग्नापासून मला सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. ती कोण म्हणणार?

तिसऱ्या संधीसाठी मी त्यांना अमरावतीला बोलावलं. म्हटलं, आमच्याकडे इंटरनेट चांगलं आहे. खरं कारण, मला बघायचं होतं की हा माणूस बघतो तरी कुठं. मागच्या खोलीत सरावाचा पेपर लावून दिला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. प्रश्न वाचेपर्यंत नजर पडद्यावर. मग त्यांनी उत्तर टाइप करायला कळांवर बोटं ठेवली, आणि मान आपोआप, कोणी दोरी ओढावी तशी, उजवीकडे वळली. बोटं सुरू, खाडखाड, आणि नजर उजवीकडच्या फळीवर, बायकोच्या पापडांच्या डब्यावर! मी ओरडलो, "अहो, डब्यात काय लिहिलंय?" ते दचकले. त्यांना पत्ताच नव्हता. टायपिंगला मजकुराचा कागद मशिनच्या उजव्या अंगाला ठेवतात. नजर कागदावर, बोटं कळांवर. मशिनकडे पाहिलं की छडी. ही शिस्त त्यांनी हजारो पोट्ट्यांना लावली आणि सगळ्यांत घट्ट स्वतःला लावून घेतली. आता कागद नव्हता, मशिन नव्हतं, तरी मान आपली ड्यूटीवर.

पुढचे सहा दिवस मी नोकरीतही केली नव्हती एवढी मेहनत केली. ते टाइप करत, मी 'समोर!' म्हणून ओरडत असे. मान समोर ठेवली की बोटं चुकत. बोटं सावरली की मान जाई. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सहाव्या दिवशी ते हात मांडीवर ठेवून म्हणाले, "नाई होत, भाऊसाहेब. ते फोनवरची पोट्टी बरोबर बोलली. माह्या मानेलेच चोरी करायची सवय हाय." मी उठलो आणि कपाटातून माझा मानेचा पट्टा काढला. दोन वर्षांपूर्वी मान धरली तेव्हा डॉक्टरांनी दिलेला, जाड, कडक, बिस्किटी रंगाचा. तो त्यांच्या गळ्यात आवळून बांधला. कंपनीचे नियम मी स्वतः दोनदा वाचले. कानात काही नको, डोळ्यांवर गॉगल नको, पट्ट्याबद्दल चकार शब्द नव्हता.

परीक्षा नव्वद मिनिटांची होती. साडभाऊ आत, बायको शेजारणीकडे, आणि मी दारापुढच्या ओट्यावर राखणीला. भाजीवाल्याला हातानं पुढे जा म्हणून सांगितलं. भंगारवाल्याला हात जोडले. बेलचं बटण तर मी सकाळीच काढून टाकलं होतं. लोकांना उपदेश करायला मला आवडतं, लोकांसाठी काळजी करायला मुळीच आवडत नाही. पण त्या नव्वद मिनिटांत मला दोनदा घाम फुटला. शेवटी दार उघडलं. साडभाऊ पट्ट्यासकट बाहेर आले. मान हलत नव्हती, म्हणून आख्खे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रद्द नाई झाली." एवढ्यावरच मी त्यांना मिठी मारली. असं मी कोणाला करत नाही.

पास झाले. नागपूरच्या एका लहानशा कंपनीनं मुलाखत घेतली, आपलंच अ‍ॅप दिलं आणि चुका काढा म्हणाली. यांनी अर्ध्या तासात एकोणतीस काढल्या आणि कंपनीनं यांना ठेवून घेतलं. आता दर सोमवारी सकाळी साडभाऊ अकोल्याहून नागपूरला जातात, शनिवारी परततात, आठवडाभर तीन पोट्ट्यांबरोबर एका खोलीत राहतात. गाडी अमरावतीजवळ बडनेऱ्याला थांबते. माझ्या बायकोनं दिलेला डबा खिडकीतून पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी सकाळी झोपमोड करून स्कूटरवर बडनेरा गाठायचं, तेही या माणसासाठी! पण जातो.

परवाच्या सोमवारी गाडी जरा जास्त थांबली. मी खिडकीशी उभा राहून डिवचलं, "काय मग, ऑफिसातले पोट्टे काय म्हणतात? सर म्हणतात की काका?"

"नाई जी," ते म्हणाले, "नावानं हाक मारतात. तिथं सारेच एकमेकायले नावानं बोलवतात. पहिल्या दिवशी एक पोट्टी मागून जोरात हाक मारून राहिली, अन् मी आपला कोणाले बोलावते म्हणून इकडं तिकडं पाहून राहिलो." ते हसले, मग डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. "बायकोचा 'अजी', पोरीचा 'बाबा', सासरवाडीत 'जवाईबापू', पेठेत 'सर'. आई गेली तवापासून माह्या नावानं हाक मारणारं कोणी राह्यलंच नव्हतं, भाऊसाहेब. अकरा वर्षं झाले. आता रोज कोणी ना कोणी हाक मारते. लई बरं वाटते."

शिटी झाली. मला आपल्या साडूपणाच्या सत्तावीस वर्षांची लाज वाटली. त्यांचं नाव मला माहीत आहे, लग्नाच्या पत्रिकेत मी ते वाचलंय, चांगलं दोन अक्षरी सुटसुटीत नाव आहे. गाडी हलली तसा मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो, ते नाव जिभेवर आणलं, आता हाक मारायचीच म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं ते एवढंच: "साडभाऊ, डबा धुऊन परत आणा!"