बाबूजी मागच्या सीटवर बसले की…

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता... आजही आहे म्हणवत नाही. गाड्यांच्या वायरिंगमध्ये निम्मं आयुष्य गेलं. तिथे वायर तुटलेली असते किंवा नसते, मधलं काही नसतं. तरी लिहितोय, कारण तोंडी सांगून सांगून आता कंटाळलोय.

माझं गॅरेज बदनापूरच्या बाहेर, जालना रोडला. मागच्या उन्हाळ्यात राजूरचे मनोजभाऊ त्यांची पेट्रोल गाडी परत घेऊन आले. राजूरला त्यांचं कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण कैक पिढ्या इथलंच. तक्रार जुनीच – गाडी मिसफायर करते, चालता चालता आचके देते. दुसरीकडे प्लग बदलून झाले होते, मी ठिणगी पाडणाऱ्या कॉइल बदलल्या होत्या. आणि माझ्याकडे आली की गाडी एकदम शहाणी!

"एकटा असलो की काहीच न्हाई होत," मनोजभाऊ म्हणाले. "बाबूजी संगं असले की सुरू. म्हणून आज त्यांनाच आणलं."

मागच्या सीटवर त्यांचे वडील, बाबूजी, बसले होते. सत्तरीच्या पुढचे, धोतर-सदरा, कपाळाला घाम.

मी ऑसिलोस्कोप काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – कॉइलवर प्रोब लावला की प्रत्येक ठिणगीची रेघ पडद्यावर उमटते. ठिणगी चुकली की तिथे रेघ नसते. इतकं साधं.

बाबूजींना लिंबाखाली खुर्ची दिली आणि गाडी चालू केली. चारही कॉइलच्या रेघा स्वच्छ. बाबूजींना गाडीत बसवलं... थोड्या वेळाने पडद्यावर रेघ गायब, इंजिनला आचका. त्यांना उतरवलं – स्वच्छ. परत बसवलं – आचका.

म्हटलं, वजनाने सीटखालची वायर दबत असेल. त्याच जागी मनोजभाऊंना बसवलं. काही नाही. दोन जुन्या बॅटऱ्या ठेवून पाहिल्या. काही नाही. बाबूजींचा मोबाईल, घड्याळ, अंगठी, सगळं काढून ठेवलं आणि त्यांना बसवलं... आचका.

"काय करून राह्यला, मिस्तरी?" बाबूजी वैतागले. "घडीघडी उतरवतो, घडीघडी बसवतो. मला घरी जाऊ दे. दम लागून राह्यला."

माझीही पाठ मोडून आली होती. म्हटलं बास झालं. त्यांना उतरवायला मनगट धरलं, डोळे मात्र सवयीने पडद्यावर. रेघ गेली. त्याच क्षणी माझ्या बोटाखालची त्यांची नाडी पण गेली. मग दोन्ही परत आल्या.

मी हात सोडला नाही. परत तसंच... आणि परत.

"मनोजभाऊ, इकडं या. नाडी धरा, अन् इथं बघा."

त्यांनी नाडी धरली. चेहरा उतरला, पण मग भडकलेच. "गाडी जमत न्हाई तर सरळ सांगा ना! बाबूजींना कशाला मधी घेता?"

"गाडीचं राहू द्या. यांना आधी डॉक्टरकडं न्या."

"मला कुठं न्यायचं न्हाई," बाबूजी म्हणाले. "उन्हानं चक्कर येते, बस."

"चक्कर? कधीपासून?" मनोजभाऊंचा आवाज एकदम खाली आला.

बाबूजी तोंड उघडणार तेवढ्यात पडद्यावरच्या सगळ्या रेघा गेल्या, इंजिन बंद पडलं आणि बाबूजींची मान काचेवर कलंडली.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून माझ्या व्हॅनमध्ये टाकलं. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले, "काय झालं?" म्हणाले. जालन्याला पोचेपर्यंत मनोजभाऊ त्यांचा हात धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय मधेमधे थांबतंय, बरं झालं आणलंत. पेसमेकर बसवला. बाबूजी आज ठणठणीत आहेत, दुकानात गल्ल्यावर बसतात.

गाडी मी दुसऱ्या दिवशी चालू केली. पहिल्याच चावीला सुरू झाली. त्यानंतर एकदाही आचका नाही, बाबूजी बसले तरी नाही. मी वायरिंग पूर्ण उघडून पाहिली, अर्थिंग तपासलं, कंट्रोल युनिट दुसऱ्याकडून तपासून घेतलं. कुठेच काही नाही. ओळखीच्या एका इंजिनिअरला सांगितलं, तो म्हणाला योगायोग. एकदा झालं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

मनोजभाऊंनी मात्र गावभर सांगितलं. मग लोक यायला लागले. धावड्याचं एक कुटुंब त्यांच्या आजीला रिक्षातून घेऊन आलं.

"मिस्तरी, हिला नुसतं गाडीत बसवून ते मशीन लावून बघा. दुसरं काही न्हाई."

"अहो, हे गॅरेज आहे. दवाखान्यात न्या."

"दवाखान्याचं नाव काढलं की ऐकत न्हाई ती," सून म्हणाली. "गाडीत बसती."

आजी माझ्याकडे बघत होती, जणू मी काही तरी सांगणारच. मी तिला पाणी दिलं, दवाखान्यात जा म्हणून हात जोडले आणि परत पाठवलं. सून नाराज झाली. अजूनही अधूनमधून कुणीतरी येतंच, आणि तेच बोलणं परत करावं लागतं.

हे काय होतं, मला माहीत नाही. कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर खाली जरूर लिहा, मी वाचेन. फक्त एक सवय लागलीये. आता प्रोब लावायच्या आधी मी सगळ्यांना गाडीतून खाली उतरवतो. लहान लेकरू असलं तरी. गिऱ्हाइकांना वाटतं, सेफ्टीचा नियम असेल.

वाटू दे.